आई कालपर्यंत अशी नव्हती! (म्हाताऱ्या आईवडलांना अचानक ॲडमिट करावं लागलं तर काय बोलायचं, कुणाशी बोलायचं)

वेणूची_लेक

घरातलं म्हातारं माणूस एका रात्रीत बदलतं, काहीतरीच बडबडायला लागतं, समोरच्याला ओळखत नाही, आणि हॉस्पिटलात नेलं की पहिलं वाक्य कानावर पडतं "वय झालंय हो त्यांचं." हे वाक्य ऐकून गप्प बसू नका, एवढ्यासाठी हा धागा काढतेय. लांबणार आहे, सवडीने वाचा.

आई ७६ वर्षांची, कराडला असते, बाबा ८१. मी पुण्यात, भाऊ बंगळुरात. आई म्हणजे महिला मंडळाच्या भिशीचा हिशोब तोंडावर ठेवणारी बाई, कुणाचे किती हप्ते राहिलेत ते वही न बघता सांगते. तर एका दुपारी शेजारच्या काकूंचा फोन, "अगं तुझी आई कशीतरीच करतेय, गॅसवर रिकामं पातेलं ठेवून त्याच्याकडे बघत उभी होती आणि मला तिच्या वारलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारली." मी निघाले तोवर काकूंच्या मुलाने आणि बाबांनी तिला जवळच्या हॉस्पिटलात नेलं होतं.

मी पोचले तेव्हा सीटी स्कॅन झालेला, नॉर्मल आलेला. शुगर, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) ठीक. ड्युटीवरचे डॉक्टर सभ्य होते, ओरडले वगैरे नाहीत, पण त्यांचं मत पक्कं झालं होतं. या वयात डिमेन्शिया सुरू होतो, घरच्यांच्या लक्षात येत नाही, एक झोपेची गोळी देतो, उद्या घरी न्या आणि सवडीने मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. आणि पलंगावर आई चादरीवर पोळी लाटत होती. खरंच. दोन्ही हातांनी, मध्येच पीठ लावल्यासारखं करायचं, चादर फिरवायची, परत लाटायची. डोळे उघडे पण बघत कुठेच नव्हती.

मी डॉक्टरांना म्हटलं, सर, मला मेडिकलमधलं कळत नाही पण मला माझी आई माहितीये, तीन दिवसांपूर्वी ही फोनवर माझ्याशी अर्धा तास भिशीवरून वाद घालत होती, डिमेन्शिया तीन दिवसात येतो का? ते म्हणाले "तुम्ही पुण्यात असता ना, तुम्हाला रोजचं कळत नसणार." यावर बोलणं खुंटतं बघा, कारण पोटात अपराधीपणा असतोच आणि तो बरोबर तिथेच टोचतो. पण मी फोन काढला आणि आदल्या आठवड्यातला व्हिडिओ दाखवला, त्यात आई माझ्या मुलीला कैरीच्या लोणच्याचं प्रमाण सांगतेय, किती किलोला किती मोहरी, किती मीठ, मेथी कधी घालायची, सगळं ओळीत. म्हटलं हा याच बाईचा व्हिडिओ आहे. मग एका कागदावर लिहून दिलं: अमुक वारी ठणठणीत, दुसऱ्या दिवशी मळमळ आणि डोकं दुखणं, तिसऱ्या दिवशी तोल जाणं, आज हे असं. खाली तिच्या सगळ्या गोळ्या लिहिल्या. बाबांना विचारून नाही, काकूंच्या मुलाला घरी पाठवून गोळ्यांचा अख्खा डबाच आणवला.

आणि त्या डब्यातच उत्तर होतं. बीपीची गोळी साधारण दोन आठवड्यांपूर्वी बदलली होती. जुनी साधी टेल्मिसार्टन होती, नवीन स्ट्रिपवर तेच नाव आणि पुढे बारीक 'एच'. तो एच म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, लघवीवाटे मीठपाणी काढून टाकणारं औषध. लाखो लोक घेतात, बहुतेकांना काही होत नाही, पण वयस्कर आणि त्यातही किरकोळ अंगाच्या बायकांमध्ये त्याने रक्तातलं सोडियम घसरू शकतं. त्यात बीपी म्हणून आईने जेवणातलं मीठ जवळजवळ बंद केलेलं, आणि एप्रिलचं ऊन म्हणून आम्ही सगळे फोनवर रोज "पाणी भरपूर पी" सांगत होतो, म्हणजे रक्तातलं उरलंसुरलं मीठही पातळ.

सकाळी राउंडला मोठे फिजिशियन आले, त्यांनी कागद वाचला, स्ट्रिप हातात घेतली आणि सिस्टरना विचारलं "सोडियम पाठवलंय का?" पाठवलंच नव्हतं. तासाभरात रिपोर्ट आला, ११४. नॉर्मल १३५ ते १४५ असतं. त्यांनी लगेच आयसीयूत हलवलं, कारण इतक्या खाली फिट येऊ शकते, माणूस कोमात जाऊ शकतो. झोपेची गोळी देऊन घरी नेली असती तर काय झालं असतं याचा मी विचार करत नाही.

दुसरी गोष्ट मला तिथे कळली ती म्हणजे सोडियम चढवायचं तेही हळू. २४ तासात साधारण ८ ते १० च्या वर जाऊ देत नाहीत, भराभर वाढलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. त्यामुळे "अजून का शुद्धीवर येत नाही, डोस वाढवा" असा आरडाओरडा नातेवाइकांनी करू नये. आम्ही रोज एकच विचारायचो, आजचं सोडियम किती आणि कालपासून किती वाढलं. आकडा नॉर्मलजवळ आला तरी डोकं ठिकाणावर यायला आणखी काही दिवस गेले, हे आधी सांगितलं होतं म्हणून आम्ही तग धरला.

आईसाठी मी काही थोर केलं नाही, फक्त "ही कालपर्यंत अशी नव्हती" हे वाक्य सोडलं नाही. तुमचे अनुभव लिहा. विशेषतः डॉक्टर, नर्स असतील तर त्यांनी लिहा, नातेवाइकांनी काय आणि कसं बोलावं म्हणजे ते ऐकलं जाईल.

माणदेशी

बापरे ११४! वाचतानाच घाम फुटला. आमच्या आत्याचं असंच झालं होतं पण तिचं कारण लघवीचं इन्फेक्शन निघालं. ताप नाही, जळजळ नाही, फक्त रात्री उठून "मला घरी सोडा" म्हणत दार वाजवायची, राहत्या घरातच! देवऋषीपर्यंत मजल गेली होती घरच्यांची. शेवटी तिच्या सुनेने हट्ट करून युरीन कल्चर करायला लावलं, अँटिबायोटिकवर आठवड्यात बाई पूर्वीसारखी. त्या वहिनीला मी मानतो, सगळं घर विरुद्ध होतं.

एक विचारायचं होतं, तुम्ही पुण्याला का नाही हलवलं? आमच्याकडे तर काही झालं की पहिला विचार पुणे नाहीतर मिरज.

वेणूची_लेक

@माणदेशी भाऊही तेच म्हणत होता, गाडी करतो आत्ताच्या आत्ता म्हणून. फिजिशियननी समजावलं की इथे आयसीयू आहे, सोडियम दर सहा तासांनी इथल्याच लॅबमध्ये करता येतं, १६० किलोमीटर ॲम्ब्युलन्समध्ये वाटेत फिट आली तर काय कराल. पटलं. त्यांनी एवढं मात्र कबूल केलं की २४ तासात सुधारणेची दिशा दिसली नाही तर मी स्वतः रेफर करतो.

तालुका_डॉक्टर

मी एमडी मेडिसिन, तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करतो. धागाकर्तीने जे केलं ते आदर्श म्हणावं असं आहे आणि आमच्या बाजूने का ते सांगतो.

कॅज्युअल्टीत (तातडीच्या विभागात) आमच्यासमोर येतो तो माणूस आम्ही आयुष्यात पहिल्यांदा बघत असतो. तो एरवी चार किलोमीटर फिरतो की गेली दोन वर्षं अंथरुणावर आहे हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं. अचानक आलेला आणि दिवसभरात कमीजास्त होणारा गोंधळ, लक्ष एका जागी न टिकणं, संध्याकाळी वाढणं, याला डिलिरियम म्हणतात, डिमेन्शिया वेगळा, तो महिनेवर्षं घेत हळूहळू येतो. डिलिरियमला जवळजवळ नेहमी शरीरात काहीतरी कारण असतं. इन्फेक्शन, सोडियम, शुगर कमी होणं, ऑक्सिजन कमी, लघवी तुंबणं, बद्धकोष्ठता सुद्धा, नवीन औषध, किंवा जुनं औषध अचानक बंद होणं (दारू आणि झोपेच्या गोळ्या यात धरा, त्या लपवू नका). आणि दोन्ही एकत्रही असतात. आधीच डिमेन्शिया असलेला पेशंट अचानक बिघडला तर तेही 'वय' म्हणून सोडायचं नसतं. सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे शांत डिलिरियम, पेशंट आरडाओरडा करत नाही, नुसता पडून असतो, जेवत नाही, सगळ्यांना वाटतं थकलेत, झोपू दे.

त्यामुळे पहिल्या मिनिटात सांगायचं ते असं. एरवी हे स्वतः काय काय करायचे (अंघोळ, जेवण, पैशाचे व्यवहार), नक्की कधीपासून बदललं, गेल्या महिन्यात कुठलं औषध नवीन किंवा बंद, पडले होते का. आणि स्ट्रिपा आणा. "बीपीची पांढरी छोटी गोळी" यावरून आम्हाला काही कळत नाही. आयुर्वेदिक काढे, मेडिकलवाल्याने दिलेली सांधेदुखीची गोळी, सगळं आणा.

आता थोडं कडू. एकाच पेशंटबद्दल पाच नातेवाईक पाच वेगळ्या वेळी येऊन तोच प्रश्न विचारतात, सहावा मुंबईहून फोनवर मावसभावाला देतो जो डेंटिस्ट आहे. अशाने आमचा वेळ जातोच पण मुख्य म्हणजे तुमचंच नुकसान होतं, कारण प्रत्येकाला अर्धी माहिती मिळते आणि घरात भांडणं लागतात. एक माणूस ठरवा, तोच बोलेल. आणि "डॉक्टर, अजून कुठली शक्यता तुम्ही बघताय?" हा प्रश्न विचारा. हा प्रश्न कुठल्याच चांगल्या डॉक्टरला खटकत नाही, उलट आम्ही परत एकदा विचार करतो.

थायझाइडबद्दल (म्हणजे तो 'एच'): हा धागा वाचून कुणी आपापली एचवाली गोळी बंद करू नका. चांगलं औषध आहे. वयस्कर माणसाला नव्याने सुरू केली तर थोड्या दिवसांनी सोडियम-पोटॅशियम करून घ्या एवढंच.

गोदाकाठ

डॉक्टरसाहेब उत्तम लिहिलंत. यात एक भर घालतो कारण आमच्या बाबतीत घड्याळ होतं. वडिलांना सकाळी चहा पिताना उजवा हात उचलेना आणि तोंड एका बाजूला गेलं, जीभ जड. आम्ही घाबरून गल्लीतल्याच एका छोट्या दवाखान्यात नेलं, तिथे सलाइन लावलं, बीपीची गोळी दिली, "बघू दुपारपर्यंत" म्हणाले. माझी बहीण फार्मासिस्ट आहे, ती फोनवर किंचाळली की तिथे सीटी आहे का, नसेल तर आत्ता उठवा. आम्ही सलाइनच्या बाटलीसकट उचलून नेलं, तिथल्या डॉक्टरांना राग आला, आला तर आला.

मोठ्या हॉस्पिटलात पहिला प्रश्न होता, "शेवटचं नॉर्मल कधी पाहिलं?" कधी लक्षात आलं असं नाही, शेवटचं नीट कधी पाहिलं. आईने सांगितलं सव्वासातला दूध घेऊन आले, चालत, बोलत. पावणेअकराला सीटी होऊन गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सुरू झालं. त्याची मुदत साडेचार तासांची असते, त्यातही जितकं लवकर तितकं चांगलं. साडेचार तास उलटले तरी काही पेशंटमध्ये तारेने गुठळी काढता येते, २४ तासांपर्यंतही, पण ते सगळीकडे होत नाही. आज वडील काठी घेऊन चालतात, बोलतात, थोडे शब्द अडकतात.

झोपेतून उठल्यावर लकवा दिसला तर रात्री झोपताना ठीक होते तीच वेळ धरतात, तरी तसं सांगा आणि न्याच, काही ठिकाणी एमआरआय करून ठरवतात. १०८ ला फोन करतानाच "अर्धांगवायू वाटतोय, सीटी असलेल्या ठिकाणी न्या" असं स्पष्ट सांगायचं.

रातपाळी

मी आयसीयूत स्टाफ नर्स आहे, बरीच वर्षं रात्रपाळ्या काढल्यात. म्हाताऱ्या पेशंटचं खरं रूप रात्री दिसतं आणि रात्री नातेवाईक बाहेर बाकड्यावर असतात.

माझ्याकडून काही गोष्टी. चष्मा, कानाचं मशीन, कवळी या तीन वस्तू ॲडमिट करताना काढून घरी पाठवतात, हरवू नये म्हणून. मग त्या माणसाला दिसत नाही, ऐकू येत नाही, आपण काय बोलतोय ते त्याला कळत नाही आणि फाइलमध्ये आम्ही लिहितो 'कन्फ्युज्ड'. नाव लिहिलेल्या डबीत घालून परत आणा आणि दिवसपाळीच्या सिस्टरना दाखवून ठेवा. हात बांधले असतील तर भांडू नका पण विचारा की का बांधलेत, आम्ही शेजारी बसलो तर सोडाल का. बहुतेक वेळा हात बांधतात कारण पेशंट नळ्या ओढतो आणि स्टाफ कमी असतो, घरचं माणूस हात धरून बसलं तर आम्हालाही सुटका वाटते. आणि लघवीची नळी! रोज विचारा, "ही अजून लागतेय का?" गरज संपली तरी तशीच राहते, त्यातून इन्फेक्शन होतं, परत गोंधळ वाढतो.

अजून एक, हे हात जोडून सांगते. गुंगीत असलेल्या किंवा लकवा झालेल्या माणसाला प्रेमापोटी चमच्याने चहा, नारळपाणी, तीर्थ पाजू नका. गिळता येतंय का ते आम्ही तपासतो, तोपर्यंत तोंडाने काही नाही. ते पाणी श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो, मी पेशंट गेलेले पाहिलेत यात. आणि कूस बदलणं दर दोन तासांनी व्हायला हवं, नसेल होत तर बिनधास्त आठवण करा, आम्ही चिडलो तरी करा.

तुमच्या आईचं पोळी लाटणं वाचून गलबलले. आम्ही बघतो ना, शिंपी असेल तर कापड शिवतो, शेतकरी बैल हाकतात. हात आयुष्यभर जे करत आले तेच करत राहतात.

टोरांटोकर

आम्ही लांब राहणाऱ्यांनी काय करायचं? सासूबाई नागपूरला, नवरा एकुलता एक, इथून निघून पोचेपर्यंत दोन दिवस जातात. मागच्या वर्षी हार्ट ॲटॅकच्या वेळी आम्हाला सगळं व्हॉट्सॲपवर तुकड्यातुकड्यात कळत होतं, कुणी ईसीजीचा अर्धा फोटो टाकतंय, कुणी 'देवावर भरवसा ठेवा'.

नंतर आम्ही बसवलेली घडी सांगते. चुलतदीर तिथला माणूस, सही त्याची, निर्णय फोनवर नवऱ्याला विचारून. हे सासूबाईंनी स्वतः शुद्धीत असताना डॉक्टरांसमोर सांगून ठेवलंय. डॉक्टरांना रोज एकच फोन, राउंड संपल्यावर, ते म्हणतील त्या वेळी, मग इथे मध्यरात्र असली तरी चालेल. आणि एक पानी कागद: वय, आजार, ॲलर्जी, सध्याच्या गोळ्या डोससकट, जुने ऑपरेशन, विम्याचा नंबर. दिवाळीला आणि गुढीपाडव्याला तो अपडेट करतो, एक प्रत फ्रिजवर लावलेली, एक शेजाऱ्यांकडे. तुमचा डबा आणण्याचा अनुभव वाचून आता त्यावर 'नवीन सुरू केलेलं औषध आणि तारीख' असा रकाना टाकणार आहे.

मांजराकाठ

नमस्कार. वाचून अंगावर काटा आला कारण मी आत्ता हॉस्पिटलच्या पायरीवर बसून टाइप करतोय. लातूर. वडील ७९, काल संध्याकाळी बाथरूममध्ये पडले, खुब्याचं हाड मोडलंय. शुद्धीत आहेत पण दुखण्याने रात्रभर विव्हळत होते आणि पहाटेपासून मला माझ्या चुलत्याच्या नावाने बोलवतायत. इथले लोक म्हणतात रक्त पातळ करायची गोळी चालू आहे म्हणून पाच-सहा दिवस थांबू मग ऑपरेशन. भाऊ म्हणतो या वयात ऑपरेशनच नको, घरी नेऊ, हाड आपोआप जुळेल. मला काही सुचत नाहीये. कुणी सांगेल का काय विचारू?

तालुका_डॉक्टर

@मांजराकाठ, पेशंट न बघता मी निर्णय सांगणार नाही, पण काय विचारायचं ते सांगतो.

खुब्याच्या फ्रॅक्चरला शक्यतो ४८ तासांच्या आत ऑपरेशन व्हावं असं धरलं जातं, पेशंट भुलीसाठी फिट असेल तर. अंथरुणावर एकेक दिवस वाढतो तसा न्यूमोनिया, जखमा, पायात गुठळी यांचा धोका वाढतो. त्यामुळे भावाला सांगा, घरी नेणं हा सोपा मार्ग वाटतो पण तसा तो नाही. ऑपरेशनचं एक मोठं कारण दुखणं थांबवणं आणि माणसाला उठून बसवणं हेच असतं.

गोळी कुठली आहे ते नाव बघा. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल असेल तर केवळ त्यासाठी पाच दिवस थांबायलाच हवं असं नाही, पाठीतलं इंजेक्शन टाळून पूर्ण भूल देऊन करता येतं का हे भुलीच्या डॉक्टरांना थेट विचारा. वॉरफेरिन किंवा नवीन प्रकारची असेल तर हिशोब वेगळा, तिथे थांबण्याला कारण असू शकतं, पण किती तास थांबायचं ते विचारा. स्टेंट टाकलेला असेल तर ते आधी सांगा.

आणि आजच्या आज: दुखणं कमी करा म्हणावं. मांडीजवळची नस बधिर करायचं इंजेक्शन देता येतं, त्याने गुंगीची औषधं कमी लागतात. पहाटेपासून नाव चुकतंय ना, ते डिलिरियम असू शकतं. सोडियम, शुगर, ऑक्सिजन, लघवी झाली का, आणि पडताना डोक्याला मार लागला का? रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोकं आपटलं असेल तर सीटी हवाच. हे आत्ता उठून जाऊन विचारा.

रातपाळी

आणि चष्मा किंवा कानाचं मशीन आहे का वडिलांना? असेल तर कुठे आहे?

अंकगणित

@मांजराकाठ पैशाचं टेन्शन असेल तर: वडील ७० च्या वरचे आहेत म्हणजे आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं, उत्पन्नाची अट नाही, आधार लागतं, वर्षाला ५ लाखांपर्यंत. ऑक्टोबर २०२४ पासून आहे ही सोय. महात्मा फुले योजनेत (राज्य सरकारची मोफत उपचारांची योजना) हॉस्पिटल बसत असेल तर आत आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं टेबल असतं, आधी तिथे जा, नंतर नको. ऑपरेशन योजनेत मंजूर करायचं तर ते आधी कळवावं लागतं. योजनेत नसलेलं ट्रस्टचं हॉस्पिटल असेल तर धर्मादाय खाटा असतात, १० टक्के निर्धनांसाठी मोफत, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, त्यासाठी तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटायचं.

खाजगी विमा असेल त्यांनी हे लक्षात ठेवा, २०२४ च्या आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवर देखरेख करणारी संस्था) नियमाप्रमाणे कॅशलेसचं उत्तर तासाभरात आणि डिस्चार्जचं अंतिम उत्तर तीन तासात द्यायला हवं. रात्री उशिरापर्यंत पेशंटला तयार करून बसवून ठेवतात तेव्हा हे सांगून फोन करा, फरक पडतो. महाराष्ट्रात २०२१ च्या नर्सिंग होमच्या नियमांनुसार दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावलेली असली पाहिजे. दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचा तुमचा हक्क आहे, केसपेपरची प्रत मागायचा पण, लेखी अर्ज द्या. हक्क आवाज न चढवता मागितला तरी मिळतो असा माझा अनुभव.

शेवंती

माझा अनुभव उलट्या दिशेचा आहे पण इथेच बसतो.

माझे बाबा ठाण्यात गेले, फुप्फुसं वर्षानुवर्षं खराब, घरी ऑक्सिजन होता. आधी दोनदा व्हेंटिलेटरवर जाऊन आलेले. दुसऱ्या वेळी परत आल्यावर त्यांनी मला आणि दादाला बसवून सांगितलं, आता नळी नको, मला श्वासाचा त्रास होऊ देऊ नका आणि मला तुमच्याशी बोलता आलं पाहिजे. सुप्रीम कोर्टाने २०१८ ला असं आधी लिहून ठेवायला मान्यता दिलीये आणि जानेवारी २०२३ पासून ते सोपंही झालंय, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. आम्ही ते केलं. तिसऱ्या वेळी रात्री दोनला तरुण डॉक्टर बाहेर येऊन म्हणाला "ट्यूब टाकतोय, सही करा" तेव्हा दादाचा हात पेनकडे गेला होता, रडत होता तो. मी कागद पुढे केला. डॉक्टरने वरिष्ठांना फोन लावला, त्यांनी सगळं वाचून घेतलं, मग मास्क आणि धाप कमी करायची औषधं यावर ठेवलं. बाबा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत होते, दादाशी पोटभर बोलले, आईला गोळ्यांची आठवण करून दिली.

वेणूची_लेक, तुम्ही "ही अशी नव्हती, शोधा" म्हणून अडून बसलात, मी "यांना हे नको होतं" म्हणून. मला दोन्ही एकच वाटतं. त्या माणसाला त्या क्षणी बोलता येत नाही तेव्हा त्याचं म्हणणं कुणीतरी मांडायला हवं. पण त्यासाठी ते म्हणणं आधी विचारलेलं असलं पाहिजे, आणि आपल्याकडे आईवडलांशी हे बोलायला गेलं की "अभद्र बोलू नकोस" म्हणून गप्प करतात. तरी विचारा.

वेणूची_लेक

@शेवंती काय लिहू. आईला विचारणार आहे, ती आता ऐकण्याच्या अवस्थेत आहे. काल तिने भिशीची वही मागवली आणि ती आजारी असताना दुसऱ्या काकूंनी केलेल्या हिशोबात चूक काढली.

@मांजराकाठ, कळवा हो काय झालं ते.

मांजराकाठ

कळवतो. डोक्याचा सीटी केला, नॉर्मल आहे. सोडियम १३१, थोडं कमी आहे पण त्याने एवढं होणार नाही म्हणाले, लघवी तुंबलेली होती ती काढली. गोळी क्लोपिडोग्रेल निघाली, सहा वर्षांपूर्वी स्टेंट टाकलाय. भुलीच्या मॅडमना स्वतः जाऊन भेटलो, डॉक्टरसाहेबांनी सांगितलं तसंच विचारलं, त्या वैतागल्या नाहीत, कार्डिओलॉजिस्टशी बोलल्या आणि उद्या सकाळी पहिल्या नंबरवर घेतो म्हणाल्या. मांडीतलं इंजेक्शन दिलं, आण्णा तासाभरात शांत झोपले. भावाला तुमचे सगळे प्रतिसाद वाचायला दिले, तो तयार झालाय. आरोग्यमित्राकडे कागद दिलेत. सगळ्यांचे आभार, खरंच.

@रातपाळी कानाचं मशीन आहे, माझ्या खिशातच होतं! बायकोने घरून चष्मा पण आणला. मशीन लावलं पण आवाज येत नाहीये, बॅटरी संपली असावी. इथे रात्री कुठे मिळेल?

रातपाळी

मशीनच्या मागचं झाकण उघडा, जुन्या बॅटरीवर स्टिकर नसेल तरी साइज कळते, कानामागचं असेल तर बहुतेक १३ नंबर, पाकिटावर केशरी खूण असते. बारीक असेल तर ३१२, तपकिरी खूण. हॉस्पिटलजवळच्या रात्रभर चालणाऱ्या मेडिकलमध्ये विचारा, नाही मिळाली तर सकाळी ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) नेण्याआधी कुणालातरी चष्म्याच्या नाहीतर कानाच्या मशीनच्या दुकानातून आणायला सांगा. स्टिकर काढून मिनिटभर तशीच ठेवा, मग मशीनमध्ये घाला. आणि ओटीच्या दारात काढून घेतील तेव्हा रिकव्हरीच्या सिस्टरच्या हातात द्या, खिशात नको.